दिसतं तिथवर

सिडकोत, पवननगरला, जिन्याखाली
अय्याजभाईचा कॅफे होता. तासाला वीस रुपये.
सात नंबरचं मशीन माझं,
कारण त्याच्या खुर्चीची पाठ भिंतीला,
मुलगी काय खेळते ते मागून कुणाला वाकून बघता येत नसे.
आठ नंबरला प्रफुल्ल बोरस्ते.

माझ्या खेळातले डोंगर
चुरगाळून परत उलगडलेल्या कागदासारखे.
माणसांचे चेहरे उकडलेल्या बटाट्यांचे,
गावात सतरा जण, आवाज तिघांचेच.
घोडा कधी कधी खडकात कमरेपर्यंत रुतायचा
आणि तसाच, शांतपणे, गवत खात राहायचा.
पण लांब एखादा सुळका दिसला
तर तो सुळका तिथं होता.
बोट दाखवायचं आणि निघायचं.
वाटेत रात्र व्हायची, लांडगे यायचे,
अय्याजभाई म्हणायचा, "टाइम संपला,"
मी बसच्या पैशांतून आणखी अर्धा तास घ्यायची
आणि घरी चालत जायची.

प्रफुल्लच्या खेळात
मशाल पाण्यात दिसायची, उलटी, थरथरती.
चिलखताच्या कड्यांवर गंज वेगवेगळा.
राणीच्या पापण्या मोजून घ्या.
मी म्हटलं, त्या नदीपलीकडे जा ना.
त्यानं घोडा घातला.
घोडा पळत राहिला, जागच्या जागी,
काचेवर धडकणाऱ्या माशीसारखा.
"पलीकडे काही केलेलंच नाहीये," तो म्हणाला,
"पण तू अलीकडे तर बघ."

यावर आम्ही तीन वर्षं भांडलो.
मी : जिथं जाता येत नाही ते कॅलेंडर.
तो : जिथं थांबावंसं वाटत नाही तिथं जाऊन काय करायचं?
तुझ्या त्या सुळक्यावर काय निघालं शेवटी?
एक पेटी. पेटीत चार बाण.
खरं होतं. चारच होते.
वरून पुढचा सुळका दिसला होता,
हे उत्तर मला सुचेपर्यंत
कॅफेच्या जागी मोबाइल रिपेरिंग आलं.

आता प्रफुल्ल गवत करतो.
त्र्यंबक रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
परदेशातल्या कुठल्या कुठल्या खेळांसाठी, फक्त गवत.
बढती मिळाल्यापासून शेवाळही.
रविवारी पांडवलेण्याच्या पायऱ्यांशी उकिडवा बसून
कुसळांचे फोटो काढतो.
येणारे-जाणारे सांगतात, "लेणी वर आहे, भाऊ."

मी सरकारी मोजणीत. तिपाई, मशीन, खुणेचे दगड.
मागच्या मंगळवारी आनंदवल्लीला
एका लेआउटची हद्द कायम केली.
द्राक्षांच्या दोन बागांमधून आमच्या सायकली
थेट गोदावरीत उतरायच्या, तीच जागा.
आता पेव्हर ब्लॉक, ओळीनं पाम,
प्रत्येक पामाच्या बुडाशी हिरवा दिवा.
देखणं आहे, खोटं कशाला बोलू.
नदीकडच्या फाटकाला कुलूप.
वॉचमन म्हणाला, "मॅडम, इथून पुढं नाही."
मी तिथं थोडा वेळ
जागच्या जागी चालले असेन.

प्रफुल्लला फोन केला.
त्यानं आधी विचारलं, "गवत कसलंय?"
"लॉन."
"म्हणजे एकच पातं, कॉपी, कॉपी, कॉपी,"
आणि मग तो चिडला, नदीसाठी,
तीन वर्षांत एकदाही चिडला नव्हता तसा,
माझ्या बाजूनं.

रात्री त्यानं त्याचा नवा खेळ पाठवला.
माझा लॅपटॉप ऑफिसातून उतरलेला, जुना.
सगळं खालच्यात खाली लावलं तेव्हा कुठे सुरू झाला,
आणि त्याचं गवत उगवलंच नाही.
दोन वर्षांचं काम, पाती, शेवाळ, कुसळं, काही नाही,
नुसती तपकिरी जमीन, कागदाची घडी पडल्यासारखी.
हे त्याला कसं सांगायचं?
लिहिलं, "छान आहे."
लगेच उत्तर : "दिसत नाहीये ना? चालत जा."
"कुठवर?"
त्यावर निळी टिक, बस.

साडेअकरा झाले होते. समोर,
धुक्यात अर्धा बुडालेला, एक सुळका होता.
मी स्क्रीनवर बोट ठेवलं,
शेजारची खुर्ची रिकामी होती, तरी
त्याला दिसेल असं.